घरभाडं जास्त जातंय का, ते तुमच्याच बिल्डिंगच्या कागदात लिहिलंय

मुंबईत ११ महिन्यांचा करार संपत आला की घरमालकाचा फोन येतो. "मार्केट वाढलंय हो, १० टक्के तरी करावे लागतील." भाडेकरू रात्री मोबाईलवर दोन-तीन पोर्टल चाळतो. शेजारच्या विंगमधला वन बीएचके ४८ हजारांना टाकलेला दिसतो. मग आपल्याला ४६ म्हणजे बरंच की, असं म्हणून तो होकार कळवून टाकतो.

जास्त भाडं जायला सुरुवात होते ती इथे. पोर्टलवरचा आकडा कुणीतरी मागितलेला असतो, कुणी दिलेला नसतो. घासाघीस होणार हे धरून ब्रोकरने त्यात दोन-चार हजार आधीच चढवलेले असतात. शिवाय रास्त भावाची घरं दोन दिवसांत उठतात आणि महाग घरं महिनोन्महिने पोर्टलवर पडून राहतात. म्हणजे तुम्ही जे बघताय ते बऱ्याच अंशी न गेलेल्या घरांचं प्रदर्शन आहे.

दिलेलं भाडं बघायची सोय आहे आणि तीही फुकट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी करून नोंदवणं सक्तीचं आहे. जबाबदारी मालकाची आणि नाही नोंदवला तर शिक्षाही त्यालाच. त्यामुळे तुमच्या बिल्डिंगमधले बरेच करार नोंदणी व मुद्रांक विभागाकडे नोंदलेले असतात आणि प्रत्येकाची 'सूची क्रमांक २', म्हणजे इंडेक्स टू, तयार होते. विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-शोध'ची मोफत सेवा आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकायचा. हा नंबर बिल्डिंगचा नाही, तर जमिनीचा सिटी सर्व्हे (सीटीएस) नंबर असतो. तुमच्या करारात शेवटी मिळकतीचं वर्णन असतं, तिथे तो बहुधा सापडतो. नाहीतर सोसायटीच्या मालमत्ता पत्रकावर असतोच.

अडतं ते गावाच्या रकान्यात. पत्त्यात पवई लिहिलं म्हणून कागदावर पवई असेलच असं नाही. तिथली बरीच घरं तिरंदाज किंवा कोपरी गावात मोडतात. चुकीचं गाव टाकलं की 'माहिती उपलब्ध नाही' येतं आणि लोक तिथेच सोडून देतात. कॅप्चाही बऱ्याचदा दोनदा टाकावा लागतो. साईट दुपारी रडते, रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर बरी चालते.

यादी आली की खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं सगळं एकत्र दिसेल. त्यातून '३६-अ लिव्ह अँड लायसन्सेस' असं लिहिलेले दस्त तेवढे उघडा. मोबदल्याच्या रकान्यात भाडं, खाली फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख. गेल्या सहा-आठ महिन्यांतले, तुमच्याच आकाराच्या घरांचे चार-पाच दस्त मिळाले तरी पुरे. वहीत चार रकाने करा: मजला, क्षेत्रफळ, भाडं, तारीख.

हे आकडे डोळे मिटून घेऊ नका. तीन वर्षांच्या करारात भाडं टप्प्याटप्प्याने वाढणारं असेल, तर दिसणारा आकडा सरासरीचा असू शकतो. काही मालक करारात कमी भाडं लिहून उरलेलं रोखीत घेतात. फर्निचरचा वेगळा करार केलेला असेल, तर तो भाग इथे दिसतच नाही. म्हणून सगळ्यांत खालचा आकडा हातात घेऊन मालकाशी भांडायला जाऊ नये. सगळ्यांत वरचा आणि खालचा सोडा, मधले धरा.

आता फूट. ब्रोकर '६५० स्क्वेअर फूट' म्हणतो तेव्हा तो बिल्टअप (भिंतींसकट) बोलतोय की सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टचा वाटाही धरून), हे त्यालाही नीट ठाऊक नसतं. पाच मीटरची टेप घ्या आणि आतून भिंत ते भिंत मोजा. हॉल १० बाय १५ म्हणजे १५०, बेडरूम १० बाय ११ म्हणजे ११०, किचन ७ बाय ८ म्हणजे ५६, बाथरूम २८, संडास १२, पॅसेज २४. झाले ३८०. रेराच्या (घरबांधणी व्यवसायावरच्या कायद्याच्या) व्याख्येत कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, आतल्या भिंतींची जाडीही धरतात, म्हणून टेपचा आकडा कागदापेक्षा थोडा कमी येणारच. बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत. फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचा कुंड्यांचा कट्टा) आत घेतलेला असेल, तर तो वापरा जरूर, पण तुलनेत दोन्ही घरांना एकच नियम लावा. सूची दोनमधलं क्षेत्रफळही कुठे चौरस मीटरमध्ये असतं, कुठे फुटात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

भाडं म्हणजे फक्त दरमहा ट्रान्सफर होणारी रक्कम नव्हे, हे एका हिशोबात दाखवतो. पहिलं घर ४०,००० भाडं, १,२०,००० डिपॉझिट, कार्पेट ४१०. दुसरं ३६,५०० भाडं, ३,००,००० डिपॉझिट, कार्पेट ३५५. डिपॉझिटवर बुडणारं व्याज ६.५ टक्के धरलं, तर पहिल्याचं महिन्याला ६५० आणि दुसऱ्याचं १,६२५. एक महिन्याचं ब्रोकरेज ११ महिन्यांवर पसरलं, तर ३,६३६ आणि ३,३१८. पहिलं पडलं ४४,२८६ ला, दुसरं ४१,४४३ ला. साडेतीन हजारांचा दिसणारा फरक पावणेतीन हजारांवर आला. फुटामागे बघितलं तर पहिलं १०८ रुपये, दुसरं जवळपास ११७. स्वस्त म्हणून घेतलेलं घर फुटाला महाग. लहान घराचा दर तसाही थोडा चढाच असतो, त्यामुळे वन आरकेची तुलना टू बीएचकेशी करण्यात अर्थ नाही.

मालक "डिपॉझिट वाढवा, भाडं कमी करतो" म्हणाला तर एकच प्रश्न विचारा: लाखामागे किती? लाखाला महिन्याला हजार रुपये कमी होत असतील, तर ते वर्षाला १२ टक्के पडले. पाचशे कमी होत असतील तर ६ टक्के, म्हणजे बँकेतली ठेव बरी. पण हेवी डिपॉझिटमध्ये व्याजापेक्षा मुद्दलाची काळजी मोठी. ते पैसे मालकाकडे पडून नसतात. पुढच्या भाडेकरूचं डिपॉझिट आलं की तुमचं परत मिळतं, असाच बहुतेकांचा व्यवहार असतो. त्यात घरावर थकलेलं कर्ज असेल आणि बँकेने ताबा घेतला, तर तुम्ही रांगेत कुठेतरी मागे. माझं मत विचाराल तर चार-पाच महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट कितीही सूट मिळाली तरी देऊ नये.

आता मूळ प्रश्न. भाडं जास्त जातंय हे कळलं, मग घर सोडायचं का? समजा सध्या ४२,००० देताय, मालक ४६,२०० मागतोय आणि नोंदलेल्या करारांत तशीच घरं ३८,५०० च्या आसपास आहेत. हलायचा खर्च धरा: ब्रोकरेज ३८,५००, टेम्पो आणि हमाली १४,०००, करार ३,०००. एकूण ५५,५००. ते ११ ने भागले की ५,०४५. ते नव्या ३८,५०० भाड्यात मिळवले की तुमची रेषा ४३,५०० च्या जवळ. मालक त्याच्या वर अडून बसला, तर ११ महिन्यांतच हलणं परवडतं. जुन्याच ४२ हजारांवर थांबला, तर एका टर्मसाठी हलणं तोट्याचं, दोन टर्म राहणार असाल तर फायद्याचं. आणि नव्या घराचं डिपॉझिट जुनं परत मिळायच्या आधी द्यावं लागतं. ती रक्कम महिनाभर कुठून आणणार, हे आधी ठरवून ठेवा.

हाच हिशोब मालकाच्या बाजूनेही मांडा. तुम्ही गेलात तर एक महिना घर रिकामं, ३८,५०० गेले. मुंबईत ब्रोकर बऱ्याचदा दोन्हीकडून घेतो, आणखी ३८,५००. रंगाचे वीस हजार धरले तर ९७,०००, म्हणजे महिन्याला ८,८०० रुपये. त्याचं नुकसान तुमच्यापेक्षा मोठं आहे, पण हा हिशोब त्याने केलेला नसतो. तो तुम्ही शांतपणे करून दाखवायचा.

ऐकीव कायद्यावर मात्र विसंबू नका. "वर्षाला ४ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही" हे वाक्य दर दुसऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतं. ती ४ टक्क्यांची तरतूद भाडे नियंत्रणाखालच्या भाडेकरूंची, म्हणजे जुन्या पागडी पद्धतीने राहणाऱ्यांची. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला ती लागू नाही. तुमची वाढ करारात लिहिलेली असेल तीच. म्हणून पहिल्याच वेळी तीन वर्षांचा करार करून वाढ ५ टक्के लिहून घेणं हा माझ्या मते सगळ्यांत मोठा बचाव. ३५,००० वर १० टक्क्यांनी तिसऱ्या वर्षी ४२,३५० होतात, ५ टक्क्यांनी ३८,५८८. एकट्या तिसऱ्या वर्षात ४५ हजारांचा फरक. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोघांनाही सारखाच लागू आहे ना, तेही बघा. कधीकधी तो फक्त भाडेकरूलाच बांधलेला असतो.

आणि करार संपल्यावर घरात बसून वाटाघाटी करू नका. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. बोलणी दोन महिने आधी सुरू करावीत.

बिलात घुसणाऱ्या किरकोळ गोष्टीही तपासा. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते मालकाचं देणं, आणि २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. कराराचा खर्चही तपासा. ४०,००० भाडं, १,२०,००० डिपॉझिट आणि ११ महिने असतील, तर ०.२५ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क साधारण ११-१२शे आणि शहरात नोंदणी फी १,०००. त्यावर जे घेतात त्यातला बहुतेक भाग घरी येऊन अंगठा घेणाऱ्याचा. नूतनीकरणाला ब्रोकर पुन्हा महिन्याचं भाडं मागत असेल, तर त्याने या खेपेला नेमकं काय केलं, ते विचारा.

वेळही बघा. मे-जूनमध्ये शाळा, बदल्या आणि नव्या नोकऱ्या एकदम येतात, तेव्हा मालक ऐकत नाही. पितृपक्षात बरेच लोक घर बदलत नाहीत, रिकामी घरं पडून राहतात. तेव्हा वॉचमनला चहा पाजा. कुठला फ्लॅट किती दिवस बंद आहे, हे त्याच्याइतकं कुठल्याच पोर्टलला माहीत नसतं.

मालकाला फोनवर भांडण्यापेक्षा लिहून पाठवा. असं काहीतरी: "काका, नमस्कार. करार दोन महिन्यांत संपतोय. आपल्या बिल्डिंगमध्ये या वर्षी नोंदलेल्या चार करारांत याच आकाराची घरं ३८ ते ३९ हजारांना गेली आहेत, दस्त क्रमांक खाली देतो. आम्हाला घर सोडायचं नाही. ४०,००० भाडं, तीन वर्षांचा करार, दरवर्षी ५ टक्के वाढ, चालेल का? येत्या रविवारपर्यंत सांगाल तर बरं, म्हणजे आम्हाला पुढचं बघता येईल." दस्त क्रमांक नक्की टाका. नुसतं 'मार्केट कमी आहे' म्हटलं, की समोरून पोर्टलचा स्क्रीनशॉट येतो.

ता. क. : कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत राहत असाल, तर गावाच्या जागी डिव्हिजन असतं आणि सीटीएसऐवजी सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर. माटुंगा, माझगाव, भायखळा अशी डिव्हिजनं शोधा, नाहीतर तासभर कॅप्चाच भरत बसाल.