सर्टिफिकेट बसवले, पण आतले जुने दुवे तसेच राहिले

नाशिकमधील लॉज, कृषी-पर्यटन केंद्रे आणि छोटे निर्यातदार यांच्यात एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो: ‘एसएसएल सर्टिफिकेट बसवा, पत्त्यात एचटीटीपीएस दिसले की वेबसाइट सुरक्षित. आतले जुने एचटीटीपी दुवे राहू द्या. सर्व्हर ते वळवतो आणि उरलेले ब्राउझर सांभाळतो.’ २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी ते त्र्यंबकेश्वर निवासाचे बुकिंग ऑनलाइन होणार असताना या सल्ल्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

सर्टिफिकेट हवेच (त्याच्या आधारे एचटीटीपीएसवरील माहिती सांकेतिक रूपात जाते, एचटीटीपीवरील उघडी जाते), आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेमुळे ते मोफतही मिळते. मात्र एक पान म्हणजे एकच मागणी नसते. छायाचित्रे, स्क्रिप्ट (पानातील कोड), फॉन्ट, नकाशा यांची प्रत्येकी स्वतंत्र मागणी जाते आणि जिचा पत्ता एचटीटीपीने सुरू होतो, तिला त्या सर्टिफिकेटचे संरक्षण मिळेलच असे नाही.

‘सर्व्हर वळवतो’ हा भाग मला सर्वांत घातक वाटतो. सुरक्षित पानात स्क्रिप्टचा पत्ता एचटीटीपीचा असेल, तर ब्राउझर ती मागणी बाहेर पडण्यापूर्वीच अडवतो (फायरफॉक्स २०१३ पासून असे करत आहे), त्यामुळे सर्व्हरवरील रिडायरेक्टची, म्हणजे नव्या पत्त्याकडे वळवण्याची, पाळीच येत नाही. तारीख निवडण्याचे कॅलेंडर अशा स्क्रिप्टवर चालत असेल, तर ते उघडत नाही आणि यात्रेकरू दुसरा लॉज शोधतो. फॉर्मचे प्रकरण याहून गंभीर आहे. फॉर्म जुन्या एचटीटीपी पत्त्यावर जात असेल आणि त्या डोमेनवर एचएसटीएस (ब्राउझरने फक्त एचटीटीपीएसच वापरावे अशी सूचना) लागू नसेल, तर नाव, मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक आधी उघड्यावर जातात; ‘एचटीटीपीएसवर या’ असे सर्व्हर सांगतो ते त्यानंतर. सीबीएस बसस्थानकाजवळच्या एखाद्या उपाहारगृहाच्या वाय-फायमध्ये घुसलेल्या माणसाला तेवढे पुरते. शिवाय नेहमीच्या ३०१ (कायमच्या) रिडायरेक्टनंतर ब्राउझर पोस्टची, म्हणजे माहिती पाठवणारी, मागणी गेट, म्हणजे नुसते पान मागणारी, म्हणून पाठवतो, भरलेला मजकूर गळतो आणि बुकिंग लॉजपर्यंत पोहोचतच नाही. माहिती फुटली ती फुटली, ग्राहकही गेला!

‘ब्राउझर सांभाळतो’ हे अर्धसत्य आहे. क्रोम २०२० पासून टप्प्याटप्प्याने आणि फायरफॉक्स २०२४ पासून पानातील छायाचित्रांच्या एचटीटीपी पत्त्याऐवजी एचटीटीपीएस पत्ता वापरून पाहतात. पण तेथे छायाचित्र मिळाले नाही, तर जुन्या पत्त्याकडे परत जात नाहीत आणि खोलीच्या फोटोच्या जागी रिकामी चौकट उरते. एचटीटीपी पत्त्यावर जाणाऱ्या फॉर्मवर क्रोम इशारा देतो खरा, परंतु घाईतला माणूस तो ओलांडून माहिती पाठवू शकतो.

दुरुस्ती अवघड नाही. संगणकावर पान उघडून एफ१२ दाबावे; उघडणाऱ्या चौकटीतील कन्सोल या भागात ‘मिक्स्ड कंटेंट’ (सुरक्षित पानातील असुरक्षित घटक) असा इशारा आणि त्यासोबत दोषी पत्ता दिसतो. मुखपृष्ठ पाहून थांबू नये, बुकिंगचे पान आवर्जून तपासावे. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीत जुने पत्ते डेटाबेसमधील लेखांत रुतलेले असतात, म्हणून बॅकअप घेऊन ते योग्य साधनाने बदलावेत. सरसकट शोधा-बदला केल्यास सिरियलाइझ्ड (मजकुराच्या लांबीसह साठवलेल्या) नोंदी बिघडतात. सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या सीएसपी हेडरमधील ‘अपग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स’ ही सूचना (एचटीटीपी पत्ते एचटीटीपीएस म्हणून मागा) तोवर उपयोगी पडते, मात्र समोरच्या सर्व्हरवर एचटीटीपीएस असेल तरच. बाहेरची एखादी सेवा एचटीटीपीएस देतच नसेल, तर परवानगी असल्यास तिची फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवावी, अन्यथा ती सेवा पानावरून काढून टाकावी.