‘शुभकार्यात वाद नको’ म्हणून आम्ही गप्प बसलो होतो

गेल्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीचं साताऱ्यात लग्न झालं. त्या दिवशी तिच्या मेकअपचं जे झालं त्यावर मी आजवर काही लिहिलं नाही, कारण घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, झालं गेलं गंगेला मिळालं. पण महिन्याभरात ओळखीच्या तीन घरांतून हीच कहाणी कानावर आली, म्हणून सविस्तर लिहितेय. लग्न ठरलेल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी जरूर वाचा.

मेकअपसाठी पुण्याच्या एक बाई ठरवल्या होत्या. नाव सांगत नाही. ट्रायलला आम्ही दोघी गेलो तेव्हा त्या स्वतः होत्या, आणि काम खरंच सुंदर केलं. माझी बहीण सावळी आहे, आईच्या वळणाची. बाईंनी तिच्या जबड्यावर तीन शेड लावल्या, खिडकीशी नेऊन बघितल्या आणि पिवळसर झाक असलेली निवडली. आरशात माझी बहीणच होती, आणि काय खुलली होती! तिथेच पॅकेज ठरवलं. विधी आणि रिसेप्शनचे दोन लूक, केस, साडी नेसवणं, मिळून 28 हजार. प्रवासखर्च वेगळा. 10 हजार टोकन दिलं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, ‘तुम्हीच येणार ना?’ उत्तर आलं, ‘हो ताई, ब्राइडचा मेकअप मी स्वतः करते.’

लग्नाच्या दिवशी सात वाजता यायचं ठरलं होतं. पावणेआठला फोन केला तर ‘खंबाटकी घाटात अडकलोय’. नऊ वाजून दहा मिनिटांनी दोन मुली ट्रॉलीबॅग ओढत आल्या. मॅम दुसऱ्या ब्राइडकडे आहेत, आम्ही त्यांचीच टीम, म्हणाल्या. ब्रश हातात घेण्याआधी उरलेले 18 हजार मागितले. मुहूर्त 12 वाजून 20 मिनिटांचा, त्याआधी गौरीहर. त्या वेळी कोण वाद घालणार? वडिलांनी पैसे पाठवले.

पुढचं मला अजून जसंच्या तसं दिसतं. बहीण खुर्चीत बसलेली, हातात हिरवा चुडा. हात तिच्या रंगाचे, गळा तिच्या रंगाचा आणि चेहरा राखेसारखा. जबड्यावर सरळ रेघ. दोघींपैकी मेकअप करणाऱ्या मुलीकडे दोनच फाउंडेशन होती, दोन्ही गोऱ्या कातडीची. रेघ दिसू नये म्हणून ती वरून पावडर थापत होती, आणि तीच पावडर पुढे फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरी उमटली. बहिणीने आरशात बघितलं आणि मला हळूच म्हणाली, “ताई, तिला सांग ना, गळ्यालाही तेच लावायला. सारखं तरी दिसेल.”

काकू म्हणाली, “रडू नको गं, काजळ पसरेल.” बाहेर मामा दार ठोठावत होता, गुरुजी थांबलेत म्हणून. मी ओल्या रुमालाने जमेल तेवढं पुसलं, माझ्या पर्समधलं फाउंडेशन तिच्या गालांना लावलं आणि तिला गौरीहराला नेऊन बसवलं. सप्तपदीपर्यंत खोप्यावरचा गजरा मानेवर लोंबायला लागला होता. या मुलीने वर्षभर साड्या बघितल्या, नथ स्वतः निवडली. आज तिच्या घरात लग्नाचा एकही फोटो लावलेला नाही.

रात्री मी बाईंना फोन करायला निघाले तर सगळे माझ्यावरच आले. शुभकार्यात वाद नको. व्याही काय म्हणतील. मेकअपच तो, धुतला की गेला. आपल्या घरांत हे अगदी प्रेमाने म्हटलं जातं हे मला कळतं. पण केटररने जेवण कमी पाडलं असतं तर याच माणसांनी तिथल्या तिथे पैसे कापले असते. मुलीच्या चेहऱ्याच्या बाबतीतच आपण इतके समजूतदार का होतो? आणि आपण गप्प बसणार हे समोरच्यालाही पक्कं माहीत असतं. एका मुहूर्तावर तीन-तीन बुकिंग घेतली जातात ती त्याच भरवशावर.

आठ दिवसांनी मी शांतपणे बसून सगळं गोळा केलं. ‘मी स्वतः करते’ हा मेसेज, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, ट्रायलचा फोटो आणि लग्नाचा फोटो. बिल दिलंच नव्हतं. ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. 2019 चा हा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे आणि कबूल केलेली सेवा तशी न देणं ही त्यात ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही’ असं पेजवर लिहून ठेवलं म्हणून कबूल केलेलं काम न करण्याची मोकळीक मिळत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे आम्हाला पुण्याच्या खेपा घालायची गरज नव्हती, साताऱ्यातच अर्ज चालला असता. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत 2 वर्षांची आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बाईंना स्पीड पोस्टने दोन पानी नोटीस पाठवली, 15 दिवसांची मुदत देऊन. भाषा साधी ठेवली. काय ठरलं, काय झालं, किती पैसे परत हवेत. बाराव्या दिवशी 15 हजार खात्यात आले, सोबत एक ओळ, ‘टीमकडून चूक झाली.’

त्या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग आला. मेकअप केलेली ती मुलगी जेमतेम वीस वर्षांची. मेकअप करताना तिचे हात थरथरत होते. रिसेप्शनच्या वेळी ती माझ्याशी बोलली. तिने या बाईंकडेच पंधरा दिवसांचा कोर्स केला होता, फी भरून, आणि हे तिचं एकटीने केलेलं दुसरंच लग्न. सावळ्या त्वचेवर तिला एकदाही हात बसवू दिला नव्हता. क्लासमध्ये मॉडेल म्हणून गोऱ्याच मुली बसवायचे. चूक तिची म्हणायची की तिला आपल्याऐवजी पाठवणारीची? म्हणून रिव्ह्यू लिहिताना मी त्या मुलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुम्हीही समोर आलेल्या पोरीवर राग काढू नका.

आता सर्टिफिकेटांविषयी. बाईंच्या स्टुडिओत भिंतीवर सहा फ्रेम होत्या आणि ट्रायलला आम्ही त्या बघून भारावलो होतो. नंतर माझ्या मोबाइलमधला फोटो मोठा करून वाचला. दोन एकदिवसीय सेमिनारची सहभागपत्रं, दोन कॉस्मेटिक कंपन्यांची, एक दुकानाची शॉप अ‍ॅक्टची नोंद, आणि एकच खरा कोर्स. शॉप अ‍ॅक्टचा कागद म्हणजे दुकान आहे याची नोंद, त्याचा कौशल्याशी काही संबंध नाही. मेकअपचा धंदा सुरू करायला आपल्याकडे कुठलीही परीक्षा पास होण्याची सक्ती नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षभराचा ट्रेड आहे, ‘सिडेस्को’सारख्या आंतरराष्ट्रीय परीक्षा आहेत, आणि त्या देणाऱ्या बायका खरोखर मेहनत करतात. आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या ताईंकडे मात्र एकही फ्रेम नाही, तरी वीस वर्षं नवऱ्या सजवतायत. त्यामुळे कागद बघा, वाचा, पण ज्या हाताचा तो कागद आहे तोच हात तुमच्या मुलीच्या चेहऱ्यावर फिरणार आहे का, हे आधी विचारा आणि लेखी घ्या. टीम येणार असेल तर ट्रायल त्या मुलीकडूनच करून घ्या. आपल्या मुलीच्या रंगाच्या नवरीचे, फिल्टर न लावलेले, दिवसाच्या उजेडातले फोटो मागा. आणि उरलेली सगळी रक्कम कामाआधी देऊ नका.

मेहंदीचंही तसंच. तासाभरात काळीकुट्ट रंगते असं कुणी सांगितलं तर हात मागे घ्या. खऱ्या मेहंदीचा रंग चढायला एक-दोन दिवस लागतात. झटपट काळा करणाऱ्या रसायनाने हातावर फोड येऊ शकतात.

आर्टिस्टच्या बाजूनेही सांगायला हवं. पहाटे तीनला निघून, उपाशीपोटी चार तास उभं राहून काम करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ‘आता आत्याचंही जरा करून टाका’ असं आयत्या वेळी गळ्यात मारणारेही आपणच. ठरलेलं दोन्ही बाजूंनी पाळायला हवं.

मार्गशीर्षात चुलत बहिणीचं लग्न आहे. तीही सावळी. मी एका आर्टिस्टला हेच सगळं विचारलं तर तिने मला ब्लॉक केलं. दुसऱ्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या, “रविवारी या. मीच येणार आहे, तसं लिहूनही देते.” रविवारी आम्ही गेलो. त्यांनी बहिणीच्या जबड्यावर चार शेडच्या रेघा ओढल्या आणि तिचा हात धरून तिला बाहेर ओट्यावर उन्हात नेलं. “आता बघ,” म्हणाल्या, “यातली कुठली दिसत नाहीये?”