टक्क्यांचा काय-स्क्वेअर

सांगलीतल्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपपासून एमएस्सीच्या पोरांपर्यंत एक मेसेज फिरतोय: ‘दोन गोष्टींचा संबंध आहे का बघायचाय? टक्के काढा, काय-स्क्वेअर लावा. पी ०.०५ च्या खाली आला की कारण सापडलं. पी जितका बारीक तितका संबंध घट्ट. वर राहिला तर संबंध नाही.’ (काय-स्क्वेअर म्हणजे मोजलेले आकडे अपेक्षित आकड्यांपासून किती हटले हे जोखणारी चाचणी; पी म्हणजे संबंध नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.)

आधी टक्के, कारण खरा घोळ तिथंच आहे. समजा, तासगावकडचे ४० प्लॉट पाहिले: २० आगाप म्हणजे लवकर छाटणीचे, २० मागास म्हणजे उशिरा. आगापमधल्या १२ वर डावणी हा द्राक्षाचा रोग, मागासमधल्या ८ वर. छाटणीचा संबंधच नसता तर दोन्हीकडं दहा-दहा अपेक्षित. म्हणजे तक्त्याच्या चारही घरांत (आगाप-मागास, डावणी आहे-नाही) फरक २ चा. त्याचा वर्ग ४, भागिले १०, चार घरांचे मिळून १.६. पी ०.०५ च्या खाली यायला हवेत निदान ३.८४. आता तेच टक्क्यांत टाका, ६० आणि ४०. अपेक्षित ५०, फरक १०, उत्तर थेट ८! प्लॉट एकही वाढला नाही, पण गणिताला वाटलं तुम्ही दोनशे बागा हिंडून आलात. चाचणीला मोजलेले नगच द्यायचे.

(ते ३.८४ एका डिग्री ऑफ फ्रीडमचं, म्हणजे बेरजा ठरल्यावर तक्त्यातलं एकच घर मोकळेपणानं बदलू शकतं. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं १९०० साली चाचणी मांडली, पण अशा तक्त्याला तीन नव्हे, एकच डिग्री धरायची हे दुसरा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यानं १९२२ साली दाखवलं. मोठ्यांचंही चुकतं.)

घट्टपणा पीमध्ये नसतोच. काय-स्क्वेअरला एकूण नगांनी भागून वर्गमूळ घ्या: ४० प्लॉटचं १.६ असो की खरोखर पाहिलेल्या २०० चं ८, दोन्हीकडं ०.२ च येतं. संबंध तेवढाच, फक्त माहिती वाढली. ‘वर राहिला तर संबंध नाही’ हेही इथंच कोसळतं. चाळिसात जे दिसलं नाही ते दोनशेत दिसलं.

राहिलं ‘कारण’. आगाप छाटणीची कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते. मग दोष छाटणीचा की पावसाचा? तक्त्यात पावसाचा रकानाच नाही.

शिवाय प्रत्येक नग स्वतंत्र असावा ही अट कुणी वाचतच नाही. डावणी बांध ओळखत नाही. एकाला एक लागून असलेले चार प्लॉट मोजले तर चौथा बहुतेक पहिल्याचंच ऐकून बोलतोय, आणि आपण मात्र चार साक्षी धरून बसतो.