भावा, आधी सातवी अनुसूची वाच

रस्त्यात खड्डा दिसला की लगेच शिवी हासडायची आपल्याकडं वाईट खोड आहे. भावा, मालक कोण हे न बघता दिलेली शिवी फुकट जाते. इथून पुढं गाडीच्या डिकीत राज्यघटना ठेवत जा. खड्ड्यात आपटलास की पडल्या पडल्या सातवी अनुसूची उघडायची; कुठला विषय केंद्राचा, कुठला राज्याचा आणि कुठला दोघांचा, हे तीत दिलंय. केंद्र सूचीत २२ व्या नोंदीत रेल्वे, २३ व्या नोंदीत राष्ट्रीय महामार्ग. राज्य सूचीत १३ व्या नोंदीत बाकीचे रस्ते आणि पूल. मोटारगाड्या समवर्ती सूचीत, ३५ वी नोंद. म्हणजे गाडीवर हक्क दोघांचा, रस्ता एकाचा आणि मोडलेलं कंबरडं पूर्णपणे तुझं. खड्डा पेठेतला असेल तर बारावी अनुसूची बघ, ती नगरपालिका-महापालिकांची. तीत रस्ते दिलेत, पैसे द्यायचे राहिलेत.

एवढं पाठ झालं की कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपाशी ये आणि मुंबई-बंगळुरू महामार्ग बघ. नाव राष्ट्रीय, म्हणजे काम दिल्लीचं, असं म्हणशील. इथंच गडी फसतात. सातारा ते कागल हा पट्टा चौपदरी केला राज्याच्या रस्ते विकास महामंडळानं, आणि किणी-तासवडेचा टोलही कैक वर्षं त्यांनीच घेतला. रस्ता केंद्राचा, पावती राज्याची! आता सहापदरीचं काम केंद्राच्या प्राधिकरणाकडं आहे. काम कधी संपणार हे टोलनाक्यावर विचारू नकोस, मागचे हॉर्न मारतात.

पावसाळ्यात तर अभ्यासाची खरी पर्वणी. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा शिरोलीजवळ महामार्गावर आली आणि वाहतूक ठप्प झाली. तू काठावर उभा राहून ट्रकच्या रांगा मोजत बसू नकोस, पाणी कुणाचं ते ठरव. पाणी राज्य सूचीत, नोंद १७. पण आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडं, नोंद ५६. पुढं कृष्णेवर अलमट्टी धरण, ते कर्नाटकाचं. त्याची उंची वाढली तर आपल्याकडं फुगवटा येईल असं आपण म्हणायचं, येणार नाही असं त्यांनी म्हणायचं. आणि ज्या भरावाला पाणी अडतं असं गावं ओरडून सांगतात, तो भराव राष्ट्रीय महामार्गाचा. भराव काढून खांबांवर पूल करा, ही मागणी करायची असेल तर अर्ज दिल्लीला. घरात पाणी शिरल्याचा पंचनामा मात्र तलाठ्याकडं. पुराला सूची वाचता येत नाही, ही त्याची अडचण आहे, सरकारची नव्हे.

शहरातला टोल घालवला तेव्हा अख्खं कोल्हापूर रस्त्यावर होतं, प्रा. एन. डी. पाटील वयाची पर्वा न करता पुढं होते. टोल गेला. रस्ते करणाऱ्या कंपनीची भरपाई सरकारी पैशातून झाली. म्हणजे नाक्यावर द्यायचे ते आपण करातून दिले, सुट्ट्या पैशांचा त्रास तेवढा वाचला.

रेल्वेबद्दल फार जुनं उकरून काढू नकोस. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ ला सुरू झाला आणि तो कोल्हापूर संस्थानानं बांधला, हे चारचौघांत बोलायचं नाही. एका संस्थानाला जे जमलं ते दोन-दोन सरकारांना का जमत नाही, असा आगाऊ प्रश्न कुणीतरी विचारतंच. कोकणातल्या वैभववाडीचं घे. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, लांबी शंभर किलोमीटरच्या थोडी वर. तेव्हापासून तो दर निवडणुकीत वेळेवर धावतो. कोकण रेल्वेसाठी केंद्र आणि चार राज्यांनी मिळून महामंडळ काढलं आणि १९९८ ला डोंगर पोखरून गाडी पळवली, हा दाखला देऊ नकोस. तसं करता येतं हे कळलं तर लोक मागतील. वंदे भारतचं ऐक. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्हापूरहून पुण्याला सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस, कारण तीच गाडी हुबळीलाही जाते. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, गाडीची वाटणी मात्र वेळापत्रकावर सुखानं झाली.

सीमेवरून आठवलं. बेळगावला जाताना आधी बातम्या बघ. कुठं एसटीला काळं फासलं गेलं की आपली बस कागलकडं थांबते आणि त्यांची निपाणीकडं. कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडायला मग वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी जीप. सगळ्या भारतात संघराज्याचा अर्थ नीट कळलेला वडापवाला हाच एक माणूस: सीट भरल्या की निघतो, मराठी-कन्नड दोन्हीत भाडं सांगतो.

कोल्हापूरच्या विमानतळाला राजाराम महाराजांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला. विमानतळ केंद्र सूचीत, त्यामुळं मोहर दिल्लीची लागते. तू वाट बघ. मुंबईच्या विमानाचं तिकीट काढताना नाव लागत नाही.

आता एवढं वाचून तुला वाटेल, मग या देशात रस्ता होतो तरी कसा? होतो की. शक्तिपीठ महामार्ग बघ! नागपूर ते गोवा, मंजुरीवेळी ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, हजारो कोटी. इथं कुणाचं कुठं अडत नाही, हद्द आडवी येत नाही, मंत्रिमंडळ मंजुरी देऊन मोकळं होतं. विधानसभेच्या निवडणुकीआधी कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली, निवडणूक झाली, आणि रस्ता परत आला. फरक एवढाच, की हा रस्ता मागणारा अर्ज इथल्या शेतकऱ्यानं कधी केला नव्हता. तेव्हा भावा, वैभववाडीची रेल्वे खरंच हवी असेल तर मोर्चा काढ, पण फलकावर लिही: 'आमच्या उसातनं रेल्वे नको.' सहा महिन्यांत मोजणीला माणसं येतील.