काका, ती हिरवी रेघ आठवते का?

चित्रपटाच्या रिळावर ब्लीच आणि सुईनं चित्र काढण्याच्या माझ्या मागच्या लेखावर, थिएटरात प्रोजेक्टर चालवलेल्या एका काकांनी लिहिलंय: "तीस वर्षं ऑपरेटर होतो. रिळावर धूळ बसू नये म्हणून जीव टाकला. तुम्ही त्याच रिळावर ब्लीच ओतता, सुईनं ओरखडता आणि वर कला म्हणता? हा वारसा नासवायचा धंदा आहे."

काका, झणझणीत लिहिलंत. वारशाचं आधी बोलतो, कारण तिथं मी चुकलोय. रीळ कुठलं, हे मी लेखात सांगितलंच नव्हतं. भंगारातून किलोवर घेतलेली ३५ मिलिमीटरची साबणाची जाहिरात होती ती. जाहिरातीचीही ती शेवटची प्रत असू शकते की, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, सुई लावण्याआधी तिथं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

पण "नासवणं" हा शब्द मला मान्य नाही. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या फटीत, कचरा अडकला की रंगीत प्रिंटवर उभी हिरवी रेघ यायची, तुम्ही हजारदा पाहिली असेल. ती हिरवीच का? प्रिंटमध्ये रंगाचे तीन थर असतात: वर किरमिजी, त्याखाली निळसर, तळाशी पिवळा. वरचा खरवडला गेला की उरलेले दोन मिळून हिरवं दिसतं. ओरखडा आणखी खोल गेला की पिवळं, मग नुसता पांढरा उजेड. तुमच्या मशीननं चुकून केलं तेच मी सुईनं ठरवून करतो. साबणवाल्या बाईच्या गालावर पिवळ्यापर्यंत जाऊन थांबायचं होतं. एका सेकंदाला दीड फूट फिल्म, म्हणजे २४ चौकटी, म्हणजे २४ गाल. पहिल्या रात्री निम्मे आरपार पांढरे झाले.

ब्लीच जिलेटिनच, म्हणजे रंग धरून ठेवणारा थरच खातं, रंग त्याबरोबर वाहून जातो. पाण्याचा प्रकार वेगळा. धुण्याच्या सोड्यात भिजवलेली पट्टी गरम पाण्यातून काढून एकदम बर्फाच्या पाण्यात टाकली, तर फुगलेलं जिलेटिन आकसून जाळी धरतं. दरवेळी जमतं असं नाही. (पाणी तापवायचा खर्च मात्र नाही. मे महिन्यात सोलापुरातली गच्चीवरची टाकी पुरते.)

आणि या वाटेनं जाणारा प्रत्येक जण रिळं मारतो, असंही नाही. अमेरिकेतल्या प्रायोगिक चित्रपटवाल्या स्टॅन ब्रॅकेजनं १९६३ साली मेलेल्या पतंगांचे पंख आणि पाकळ्या फिल्म जोडायच्या पारदर्शक टेपमध्ये दाबून कॅमेऱ्याशिवाय चित्रपट केला. बिल मॉरिसननं २००२ च्या 'डेकेशिया' या चित्रपटात संग्रहांमध्ये आपोआप कुजलेली नायट्रेटची (जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मची) रिळं वापरली, स्वतः काही कुजवलं नाही. नायट्रेटला मीही हात लावत नाही. ती पेटली तर पाण्यातही जळते, हे तुम्हाला मी काय सांगणार!

एक विचारायचं होतं. तुम्ही लोक तुटलेल्या रिळाला जोड लावताना आधी फिल्म किती खरवडायचात? माझे जोड गेटमध्ये गेले की सुटतात ओ.