नव्या नगरसेवकाने वेरा कसा ठरवावा

अभिनंदन! निवडून आलात, स्थायी समितीवर वर्णी लागली, दांडिया बाजारात फटाकेही फुटले. आता खंडेराव मार्केटच्या इमारतीत, म्हणजे महापालिकेत, बसून बडोद्याच्या घराघराचा वेरा, म्हणजे आपल्या मराठीतला कर, ठरवायचा आहे, म्हणून चार गोष्टी कानात सांगतो. घाबरू नका. गणित आलं नाही तरी चालतं, चेहरा जमला पाहिजे.

आधी तारीख पाठ करा. पुढच्या वर्षीचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरलेच पाहिजेत, असं कायदा सांगतो. कायदा 1949 चा, मुंबई प्रांताचा. पुण्याच्या काकांना सांगाल तर म्हणतील, हा आमचाच. म्हणू द्यात, वारशाच्या बाबतीत पुण्याशी कोण वाद घालणार! आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे: दर सुचवायचे कमिशनरने, ठरवायचे सभेने. आणि कमिशनरला मतं मागायची नसतात.

तेव्हा मसुद्यात वेरावाढ दिसली की मनातल्या मनात साहेबांचे आभार माना आणि मग तोंडाने चिडा. टेबलावर हात आपटा. ‘मध्यमवर्गाचं कंबरडं’ हा शब्दप्रयोग जुना असला तरी अजून चालतो. दोनतीन बैठका लांबवा, चहा-फाफडा होऊ द्या, मग वाढ निम्मी करा आणि पेपरवाल्यांना सांगा की नगरजनांना दिलासा दिला. जी वाढ अजून लागूच नव्हती ती कमी केल्याचं श्रेय घेण्यात लाजायचं काय? ही विद्या शिकायला लांब जायला नको. सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या याच इमारतीच्या आवारात भाजीबाजार भरतो. भाजीवाली ऐंशी सांगते, साठला देते आणि गिऱ्हाईक जिंकल्यासारखं घरी जातं. फरक एवढाच की तिथे गिऱ्हाइकाला वांगी न घेता पुढे जाता येतं.

निवडणुकीच्या वर्षी मात्र दराला हात लावू नका. ‘एक पैसाही वाढवला नाही’ असे फलक रावपुऱ्यापासून लावा. खोटं अजिबात नाही. कारण दर म्हणजे बिल नव्हे, हे ज्याला कळलं तो पाच वर्षं टिकला.

बिल असं बनतं: घराचा कार्पेट एरिया, गुणिले दर, आणि त्यावर गुणक. घर कुठे आहे, किती जुनं आहे, कशासाठी वापरता आणि आत कोण राहतं, मालक की भाडेकरू. दर जागच्या जागी ठेवून गुणकांकडे प्रेमाने बघा. एखादी सोसायटी खालच्या श्रेणीतून वरच्या श्रेणीत गेली, तर रहिवाशांना आधी अभिमानच वाटतो. बिल नंतर येतं. शिवाय मालमत्ता-वेरा हा एक वेरा नाहीच. सामान्य वेरा, पाणी वेरा, कॉन्झर्व्हन्सी म्हणजे मैला-सफाईचा वेरा असा तो कायद्यातच एकत्र कुटुंबात राहतो. भाषणात सामान्य वेऱ्याचं नाव घ्या, बाकीच्यांचं घेऊ नका. घरातली धाकटी भावंडं गुपचूप वाढत असतातच.

‘आत कोण राहतं’ हा गुणक फार रसाळ. भाडेकरू असला की बिल चढतं, म्हणून मोजणीवाला जिन्यात दिसला की वरच्या मजल्यावरचे पटेल खालच्या कुलकर्णींचे मावसभाऊ होतात. ‘दिपकभाई आमच्यातलेच हो,’ असं कुलकर्णी वहिनी सांगतात, दिपकभाई ‘हो मावशी’ म्हणतात आणि तिथेच नातं चुकतं. मोजणीवाला मान हलवून टेप गुंडाळतो. मराठी-गुजराती ऐक्यासाठी इतकं काम दुसऱ्या कुठल्या योजनेने केलं असेल असं मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली, फ्रीज तरंगला, त्याचं काय? सूत्र दाखवा. त्यात ‘पाणी कुठवर आलं’ असा रकाना नाही. बुडालेला कार्पेट एरियाही कार्पेट एरियाच. त्या पुरात एका घराच्या छपरावर मगर येऊन बसली होती. तिला मालक धरायचं की भाडेकरू, हा प्रश्न कुणी विचारलाच तर उपसमिती नेमा.

वसुलीचं तत्त्वज्ञान सोपं आहे. वेळेवर भरणारा हा भरणारच, त्याची चिंता करू नका. जो भरत नाही त्याच्यासाठी व्याजमाफीची योजना काढा, मुदत वाढवा, पुन्हा वाढवा. दोन्ही गटांच्या मनात आदर निर्माण होतो, एकाच्या मनात योजनेबद्दल आणि दुसऱ्याच्या मनात थकबाकीबद्दल. आणि पैसा हवाच कशाला, असं कुणी तोंडावर विचारलं, तर 2007 मध्ये जकात गेल्याची आठवण काढून सुस्कारा टाका. हे मात्र खरं आहे. हातातलं हुकमी उत्पन्न गेलं, राज्याच्या अनुदानाची वाट बघणं आलं आणि स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न हा वेराच उरला. सगळ्या थापांमध्ये एक खरी गोष्ट असली की बाकीच्यांना वजन येतं.

सांभाळायचं ते एकाच माणसाला. राजमहेल रोडवरचे, बँकेतून निवृत्त झालेले, पिशवीत गेल्या काही वर्षांची बिलं तारखेप्रमाणे लावून येणारे. ते तुमच्या टेबलावर बिलं पसरतील आणि शांतपणे विचारतील, ‘दर तोच आहे ना? मग रक्कम कशी वाढली?’ वाद घालू नका, ते जिंकतील. खुर्ची द्या, चहा मागवा आणि म्हणा, ‘काका, हे वॉर्ड ऑफिसचं काम.’ वॉर्ड ऑफिस सांगेल, ‘दर सभा ठरवते.’ सभेची पुढची तारीख पडेपर्यंत मार्च संपतो. मग काका पुन्हा जिन्यात भेटले, तर त्यांनी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणा, ‘काका, या वर्षी ॲडव्हान्स भरून टाका. सूट आहे.’