उजवीकडे म्हटलं की उजवीकडे

दणकट इंजिनाची पिकअप बाळगणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात: पळते किती? वळते कशी, हे कुणी विचारत नाही. विचारलंच असतं, तर मी खरं सांगितलं असतं. वळते. पण आधी विचार करते.

म्हणजे होतं असं. वळण येतं, मी स्टिअरिंग उजवीकडे घेतो. काही घडत नाही. आणखी घेतो. तरी नाही. मग टायर वळतात, मग बॉनेट, मग केबिन, आणि सगळ्यांत शेवटी, 'मला कुणी सांगितलंच नव्हतं' अशा तोऱ्यात मागचा रिकामा हौदा. तोवर वळण संपलेलं असतं आणि मी घाईघाईने स्टिअरिंग उलटं फिरवत असतो. त्याचीही अंमलबजावणी सावकाशच. पुढचा सरळ रस्ता आम्ही दोघं एकमेकांची समजूत काढत काढत पार करतो. पाय मात्र ॲक्सिलरेटरवर जरा टेकवा, बाई क्षणात हजर! पळण्यात उत्साह आणि वळण्यात टाळाटाळ.

या गाड्यांची जातच मुळात दुटप्पी. 1991 साली जीएमसीने 'सायक्लोन' नावाची पिकअप काढली. 4.3 लिटरचं टर्बो व्ही-6 इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि सिग्नल सुटला की भल्याभल्या स्पोर्ट्स कार मागे. सोबत सूचना अशी, की हौद्यात 500 पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वादोनशे किलोंपेक्षा जास्त वजन टाकू नये. सामान वाहायची गाडी आहे, फक्त सामान तेवढं आणू नका! 2004 मध्ये डॉजने रॅम एसआरटी-10 मध्ये व्हायपर या स्पोर्ट्स कारचं 8.3 लिटरचं व्ही-10 इंजिन बसवलं. 500 अश्वशक्ती. ताशी 248 किलोमीटरच्या वर वेग नोंदवून त्या पिकअपने विक्रमही केला. सरळ रेषेत, अर्थात.

माझ्या पिकअपचं नाव सांगत नाही. तिची बदनामी करायची नाही, आणि निम्मी करामत आधीच्या मालकाची आहे. त्याने तिला मूळच्यापेक्षा उंच, जाडजूड, खडबडीत नक्षीचे ऑल-टेरेन टायर चढवले होते. उभी असली की वाटायचं, ही आत्ता समोरचा डोंगर चढून जाईल. वळायला सांगितलं की कळायचं, का थांबली आहे ते.

दुखणं सांगितलं की औषध प्रत्येकाकडे तयार असतं. पहिल्या मेकॅनिकने स्टिअरिंगला हातही न लावता निदान केलं, "मोठ्या गाडीला असंच असतं, साहेब." दुसऱ्याने हात लावला आणि अख्खा स्टिअरिंग रॅक, म्हणजे डावी-उजवी सरकून चाकं वळवणारी दांडी, बदलायला सांगितला. तपासणी म्हणाल तर त्याने माझ्या बुटांकडे आणि घड्याळाकडे पाहिलं होतं, तेवढीच. एका मित्राकडे नवी गाडी आहे, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची. त्याने मला शेजारी बसवून 'स्पोर्ट'चं बटण दाबलं आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "बघ, कसं घट्ट झालं!" घट्ट झालं होतं खरं. बहुतेक गाड्यांत त्या बटणाने मोटरची मदत कमी होते आणि हाताला जोर जास्त लागतो. गाडी वळायची तेवढ्याच वेळाने वळते. आपण मात्र काहीतरी मर्दुमकी केली असं दंडांना वाटतं.

सर्वांत उत्साही सल्लागार म्हणजे माझा भाचा. त्याचं सगळं शिक्षण व्हिडिओंवर झालं आहे. तो म्हणाला, "मामा, स्टिअरिंग व्हीलच लहान बसवा. रेसिंगवाल्यांसारखं."

मी त्याला गुणोत्तराचा हिशेब सांगितला. पिकअपमध्ये स्टिअरिंग साधारण 16 ते 20 अंश फिरवलं, की पुढची चाकं एक अंश वळतात. चपळ स्पोर्ट्स कारमध्ये हाच आकडा 12 ते 15 च्या घरात असतो. व्हील लहान केल्याने हाताला अंतर कमी कापावं लागेल, पण अंश तेवढेच फिरवावे लागतील आणि जोर वाढेल. शिवाय त्याच व्हीलच्या पोटात एअरबॅग आहे. ती काढून शोभेचं व्हील लावायला मी काही जिवावर उदार झालेलो नाही. भाचा थोडा वेळ गप्प बसला. म्हणजे दुसरा व्हिडिओ शोधत होता.

खरी गोम अशी, की माझा हात आणि रस्ता यांच्यात मध्यस्थ फार. अबोला धरलेले नवरा-बायको मुलांमार्फत बोलतात ना, "तुझ्या बाबांना सांग", "तुझ्या आईला म्हणावं", तसा कारभार. मी स्टिअरिंगला सांगणार, ते कॉलमच्या शाफ्टला, शाफ्ट आपल्या जोडांना, जोड रॅकला, रॅक टाय रॉडला, टाय रॉड त्याच्या टोकाच्या एंडला, एंड नकलला, मग बेअरिंग, मग रिम, मग टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, आणि अखेर रस्त्याला टेकलेले रबराचे ठोकळे. प्रत्येक जण निरोपातला थोडा थोडा वेळ आपल्याकडे ठेवून घेतो. कुणी एकटा दोषी नसतो, आणि म्हणूनच कुणी सापडत नाही. (मध्यस्थांचा हा महिमा जुना आहे. वळणात आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं, ही रचना म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या, घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने शोधली. 1818 मध्ये इंग्लंडात तिचं पेटंट घेतलं त्याच्या एजंटाने, रुडोल्फ ॲकरमनने. आजतागायत जगभर तिला ॲकरमनचंच नाव आहे.)

या रांगेतला सर्वांत ढिला गडी शेवटून दुसरा निघाला: साइडवॉल. स्टिअरिंग फिरवलं की रिम लगेच वळते, पण रस्त्याला चिकटलेलं रबर जागचं हलत नाही. मधली साइडवॉल पिळते, वाकते, आणि ती ताणली गेल्यावर मगच खालचा भाग तिरका होऊन बाजूला जोर लावू लागतो. तो जोर पूर्ण यायलाही टायरला थोडं अंतर गडगडावं लागतं. भिंत जितकी उंच तितका पीळ जास्त, आणि वर ऑल-टेरेनच्या नक्षीचे उंच ठोकळे स्वतंत्रपणे डोलणार. तिथे अख्खा नवा रॅक घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टायर बदलण्याआधी फुकटचा उपाय करून पाहिला: हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद म्हणतो 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). पण तो कागद कारखान्यातून आलेल्या टायरांबद्दल बोलतो. आधीच्या मालकाने घातलेले टायर हलक्या ट्रकसाठीच्या 'एलटी' जातीचे होते आणि त्यांना तेवढंच वजन पेलायला हवा जास्त लागते. हे हवा भरणाऱ्या पोराला सांगून पाहा! तो नळी लावतो, आकाशाकडे बघतो, आणि सगळ्या मानवजातीला सारखीच हवा भरतो. वर गाडी लांबून पळवत नेली असेल तर तापलेले टायर मुळातच चार-पाच पीएसआय जास्त दाखवणार. मग तो उरलीसुरली हवा सोडून देणार. शेवटी स्वतःचा गेज घेतला, टायर गार असताना वजनाच्या तक्त्याप्रमाणे हवा भरली, आणि खडूची परीक्षा केली. टायरवर आडवी जाड रेघ ओढायची, सरळ रस्त्यावर थोडी गाडी न्यायची आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. फक्त मधोमध पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. मी चारही चाकांसमोर उकिडवा बसून खडूने रेघा ओढत असताना येणारे-जाणारे थबकत. एका काकांनी हळूच विचारलं, "काही अडचण आहे का घरी?"

फरक पडला, पण मनासारखा नाही. तेव्हा टायर उतरवले आणि कारखान्याच्या मापाचे, रस्त्यावरच्या नक्षीचे टायर घातले. पहिल्याच वळणावर गाडीने चटकन मान वळवली आणि मी एकट्यानेच "शाब्बास!" म्हटलं. बाकी जगाने मात्र सुतक पाळलं. ज्याला त्याला गाडी बारीक झाल्यासारखी वाटली. "कसली रुबाबदार दिसायची!" "विकायला काढलीस का?" भाचा तर नुसता उभा राहून बघत होता. म्हणाला, "मामा, आता हिचा फोटो कसा काढायचा?"

टायर आटोपल्यावर मधे अजून काहीतरी शिल्लक असल्याचं हाताला जाणवू लागलं. सरळ जाताना स्टिअरिंग बोटभर इकडेतिकडे केलं तर गाडीला पत्ताच नसे. गॅरेजच्या भाषेत याला 'प्ले' म्हणतात. तो शोधायचा तर चाकं जमिनीवरच हवीत, इंजिन चालू हवं, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना अडण लावलेली. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली आडवं पडून बघायचं. आडवा मी. स्टिअरिंगवर भाचा.

"हलव," मी खालून ओरडलो.

"किती?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती अंश, मामा?"

अंशांची विद्या मीच शिकवलेली, तेव्हा बोलायची सोय नव्हती. "घड्याळात अकरा ते एक!"

आधी टाय रॉडच्या सांध्यांवर तळहात ठेवून पाहिला. डोळ्याला न दिसणारी टकटक अशी हाताला बरोबर कळते. दोन्ही सांधे घट्ट होते. शाफ्टचा जोड घट्ट. मग बॅटरीचा उजेड रॅकवर मारला आणि सोंग उघडं पडलं. रॅक गाडीच्या फ्रेमला रबराच्या बुशांतून, म्हणजे धक्के गिळणाऱ्या नळकांड्यांतून, बोल्टने बसवलेला असतो. भाच्याने स्टिअरिंग उजवीकडे नेलं की चाकं हलायच्या आधी अख्खा रॅकच मिलिमीटरभर, दोन मिलिमीटर बाजूला सरकायचा; डावीकडे नेलं की परत यायचा. बुश तेल पिऊन फुगले होते आणि त्यांच्या कडेला काळ्या चिकट रबराचे पापुद्रे लोंबत होते. एक पापुद्रा माझ्या चष्म्यावर पडला. ज्या रॅकला बदलायचा सल्ला मिळाला होता तो ठणठणीत होता; ढिलं होतं त्याचं बस्तान.

"सापडलं!" मी ओरडलो.

"मामा, इंजिनच्या तापमानाचा काटा बघा म्हणतोय व्हिडिओत."

"व्हिडिओ बंद कर!"

बुश पॉलियुरेथेनचे घातले. रॅकचे, आणि लगे हाथ पुढच्या स्टॅबिलायझर बारचेही (वळणात गाडी कलू न देणारा दांडा). हा माल रबरापेक्षा कडक, निरोप अडवून ठेवत नाही. पण मग रस्त्यावरच्या बारीकसारीक बातम्याही अडत नाहीत. कुठे खडी आहे, कुठे डांबराचा जोड आहे, पट्टा नवा की जुना, सगळं तळहातांना कळवलं जातं, विचारा न विचारा.

राहिली अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ढिले भाग बदलण्याआधी ती करून उपयोग नसतो, हे मला माहीत होतं. आधीच्या एका गॅरेजला नव्हतं, त्यांनी सर्वांत आधी तीच करून बिल हातात ठेवलं होतं. आता नीट वेळ काढून गेलो. यंत्रावर पोरगा म्हणाला, "सगळं हिरवं आहे." हिरवं म्हणजे आकडा कंपनीने दिलेल्या पट्ट्यात आहे. पण तो पट्टा चांगला ऐसपैस असतो, आणि त्याच्या एका टोकाची गाडी आणि दुसऱ्या टोकाची गाडी वागायला सख्ख्या वाटत नाहीत. मी म्हटलं, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कल) वरच्या टोकाला घे, दोन्ही बाजूंना सारखा. म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन मध्यावर येईल आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकणार नाही. हाताला किंचित जड लागेल, लागू दे. टो, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडांचा आत-बाहेर कल, अगदी थोडा आत ठेव. बाहेर ठेवला तर वळायला तरतरीत होईल, पण मग सरळ जायला तिला सतत आवरावं लागेल आणि टायरही खाईल.

पोराने माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "काका, हिरवंच आहे की. अजून किती हिरवं करायचं?"

एवढ्यात त्याचे उस्ताद आले. त्यांनी न बोलता पाना घेतला, कॅमचे बोल्ट सैल केले आणि आकडे मी सांगितले तिथे नेऊन ठेवले. जाताना एवढंच म्हणाले, "मागचा एक्सलही बघितला. सरळ आहे." आख्ख्या प्रकरणात न विचारता कामाचं बोललेला हा एकच माणूस.

आता मी उजवीकडे म्हटलं की गाडी उजवीकडे जाते. लगेच. हे सुख मला एकट्यालाच कळतं, कारण ते तळहातांत आहे आणि तळहात दाखवता येत नाहीत. ताईला शेजारी बसवून एका सुंदर लांबलचक वळणावरून नेलं. गाडी ओढलेल्या रेघेवरून गेल्यासारखी गेली. मी अपेक्षेने बघितलं. ताईने दारावरची मूठ घट्ट धरली होती. म्हणाली, "पूर्वी बरी वळायची रे. तयारीला वेळ मिळायचा."

आणि मग स्पीडब्रेकर आला. पुढून करकर असा आवाज झाला. पॉलियुरेथेन कोरडं पडलं की बारवर घासून कुरकुरतं. त्याला त्याचं खास चिकट ग्रीस लागतं. मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "मामा, आता मागचा बार जाड घालू या."

"आधी तो आवाज बंद करा," ताई म्हणाली.

मेकॅनिकने गाडीचं नाक दाबून दाबून आवाज ऐकला. बुश उघडून ग्रीस भरलं. पुन्हा दाबून ऐकला. मग उठला, हात पुसले आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "साहेब, रेडिओ चालू आहे ना गाडीचा?"